बाळंतिणीचा पत्ता

2011 सालचा जुलै महिना. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी बँकेचा शाखाधिकारी होतो. पीककर्जाचे दिवस, त्यातून आठवडी बाजार. काउंटरपुढे इतकी दाटी, की माझ्या खोलीतून नुसत्या टोप्या आणि रुमालच दिसत. त्या गर्दीतून वाट काढत एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. वय वीस-एकवीस. कानाला घट्ट रुमाल बांधलेला, पदराखाली दीड महिन्याचे लेकरू. बरोबर थोरला भाऊ. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक चेक काढून माझ्यापुढे ठेवला. रक्कम रुपये सातशे फक्त. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. म्हणजे पैसे खात्यातच जमा होणार, हातात मिळणार नाहीत.

"खातं आहे का?" मी विचारले.

"न्हाई, सायेब. म्हणून तर आलोत."

खाते काढायला काय काय लागते ते मी सांगितले. दोन फोटो, रेशनकार्ड, ओळख देणारा खातेदार. ही यादी मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे, त्यामुळे म्हणताना समोरच्या माणसाकडे पाहावे लागत नसे. पुढच्या बाजारी ती फोटो घेऊन आली. रेशनकार्ड माहेरचे होते, त्यावर तिचे नाव बापाच्या नावासह. चेकवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. सासर जिंतूर तालुक्यात, म्हणजे परभणीला एस.टी. बदलून जायचे. तिथल्या रेशनकार्डावर तिचे नाव अजून चढलेच नव्हते. मी म्हटले, "ही दोन्ही एकच बाई कशावरून?" ती काहीच बोलली नाही. भाऊ म्हणाला, "हीच की हो ती. समोर उभी हाय ना." तिसऱ्या खेपेला त्यांनी सरपंचाची चिठ्ठी आणली. चिठ्ठीत आडनावाचे स्पेलिंग तिसरेच होते. मी ती परत केली. त्यानंतर ती आली नाही.

चेकची मुदत त्या काळी सहा महिने असे. तो चेक तसाच कुठल्या तरी पत्र्याच्या पेटीत शिळा झाला असणार. फोटोचे, एस.टी.चे, भावाच्या तीन बुडालेल्या रोजांचे पैसे धरले, तर निम्मे सातशे आधीच संपले असतील.

आता कबुलीजबाब. छोट्या खातेदारांसाठी कागदपत्रांची अट सैल करा, शाखेतल्या जुन्या खातेदाराने ओळख दिली तरी खाते उघडा, शून्य शिलकीचे खाते नाकारू नका, अशी रिझर्व्ह बँकेची परिपत्रके 2005 सालापासूनची होती. ती माझ्या टेबलाच्या खणातच होती. बाहेर बाकावर तिच्या माहेरच्या गावचे निदान चार खातेदार बसलेले होते. त्यातल्या एकाला हाक मारली असती, तर दहा मिनिटांत काम झाले असते. पण सातशे रुपयांच्या एका चेकसाठी पुढे इन्स्पेक्शनमध्ये शेरा कोण ओढवून घेणार? मी नियमावर बोट ठेवले, आणि तेही चुकीच्या नियमावर.

हा चेक कसला होता, ते सांगायला हवे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांनी घरी न राहता दवाखान्यात बाळंत व्हावे, म्हणून 2005 साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली. खेड्यातली बाई दवाखान्यात बाळंत झाली तर तिला सातशे रुपये. महाराष्ट्रासारख्या राज्यांत तेव्हा आणखी दोन अटी होत्या. बाईचे वय एकोणीस पूर्ण हवे आणि ही सवलत पहिल्या दोन मुलांपुरतीच. म्हणजे कोवळ्या वयाची पोर आणि चौथ्या खेपेची थकलेली बाई, ज्यांना दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच नेमक्या बाहेर! 2013 साली या अटी काढून टाकल्या, हे चांगले झाले. पण आठ वर्षे त्या होत्या, आणि माझ्या माहितीत त्यावर कोणी फारसे रागावले नाही. मीही नाही.

मी स्वतः घरीच जन्मलो. माझ्या पिढीतले बहुतेक जण असेच जन्मले. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बाज, दाराला गोधडी लावलेली, आत सुईण आणि आजी, बाहेर चुलीवर पाण्याचे हंडे. आमच्या कथा-कादंबऱ्यांतले बाळंतपणही तेवढेच असते. आतून एक किंकाळी, मग ट्यांहा, आणि ओसरीवर येरझारा घालणारा पुरुष. माझ्या दोन कादंबऱ्यांत मी हेच लिहिले आहे. दाराच्या आत काय चालते, हे पुरुष लेखकाला ठाऊक नसते, आणि बँकेच्या अधिकाऱ्याला तर ठाऊक असायचे कारणच नसते. मला ते थोडेसे कळले, 1990 साली.

तेव्हा मी नवाच अधिकारी झालो होतो, आणि नेमणूक याच तालुक्यात, पण दुसऱ्या गावी. संत जनाबाईंचे गंगाखेड गोदावरीच्या काठी आहे, हे शाळेत वाचलेले. पण गंगाखेडपासून आत गेलेल्या काळ्या रानातले रस्ते पावसाळ्यात काय होतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हते. काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो, मग चप्पल सोडून पायाला धरतो. सायकल खांद्यावर घ्यावी लागते. गावात फोन दोनच, एक पोस्टात आणि एक आमच्या बँकेत. त्यामुळे ऑगस्टातल्या एका रात्री दोन माणसे कंदील घेऊन माझ्या दारात आली. सून अडली होती. कालपासून कळा देत होती. मी किल्ली घेतली, शाखा उघडली, फोन उचलला. फोन मेलेला होता. पावसात तो नेहमीच मरायचा.

मग मीही त्यांच्याबरोबर त्यांच्या घराकडे गेलो. काय करणार होतो कोणास ठाऊक! सुईण बाहेर ओट्यावर येऊन बसली होती. साठीची बाई, हात कोपरापर्यंत धुतलेले. गावातली निम्मी माणसे तिच्या हातावर जगात आलेली. ती घरच्यांना सांगत होती, "लेकरू आडवं हाय. माज्या हातातलं काम न्हाई. गाडी जुपा, गंगाखेडला न्या."

सुईणींबद्दल शहरात दोन टोकांची मते असतात. एक तर अडाणी, गलिच्छ, माणसे मारणारी, नाही तर आपल्या परंपरेतली थोर वैद्य. मला दिसलेली सुईण या दोन्हींपैकी कोणी नव्हती. तिला आपल्या हाताची हद्द माहीत होती. मूल आडवे असेल, बाईला झटके आले किंवा रक्त थांबत नसेल, तर आपण बाजूला व्हायचे, एवढे शहाणपण तिच्यापाशी होते. रात्री नऊलाच तिने हे सांगून टाकले होते. मी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

मग गाडी का जुंपली नव्हती? कारण सासरा सोयरिकीच्या कामाला परगावी गेला होता. नवरा होता, विसेक वर्षांचा, खांबाला टेकून उभा. सासू म्हणत होती, "मालक येऊ द्या. त्यायनं इचारलं तर म्या काय सांगू?" ती बाई दुष्ट नव्हती. आत जाऊन सुनेच्या कपाळाला पाणी लावत होती, रडतही होती. पण गाडी मालकाची, बैल मालकाचे, दवाखान्याचा खर्चही मालकच करणार. तिचे स्वतःचे असे त्या घरात काहीच नव्हते, मग हुकूम तरी कसा असावा?

मालक पहाटे आला, आणि आल्या आल्या त्याने बैल जुंपले हेही खरे. ओढ्याला पाणी होते. गाडी अलीकडेच थांबवून चौघांनी बाज खांद्यावर घेतली. पुढे डांबरी रस्त्यावर दुधाचा टेम्पो मिळाला. बाई वाचली, मूल गेले. गंगाखेडला सोय झाली नाही म्हणून आणखी पुढे एका खासगी दवाखान्यात न्यावे लागले, तिथे ऑपरेशन झाले.

दोन महिन्यांनी मी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या कर्जातल्या म्हशी तपासायला त्या वस्तीवर गेलो. या घरालाही बँकेने म्हैस दिली होती. गोठा रिकामा. नवरा म्हणाला, "म्हैस इकली, सायेब. दवाखान्याचं बील भागवलं." मी अहवालात लिहिले, "तारण मालमत्ता जागेवर आढळली नाही. कर्जाचा गैरवापर." इंग्रजीत लिहिले. इंग्रजीत ते अधिकच बरोबर वाटत होते.

पुढे सोनेतारण कर्जे देताना हेच पुन्हा पाहिले. शेतीसाठी म्हटले की व्याज कमी, म्हणून कर्जाच्या कारणापुढे आम्ही 'बी-बियाणे, खते' लिहायचो. गहाण यायचे ते डोरले किंवा सोन्याचे चार मणी. पेरणी होऊन दोन महिने झालेले असत. आता कसले बियाणे, असे विचारले की माणूस खाली बघत म्हणे, "मंडळीचं सीझर झालं." परभणी जिल्ह्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत बाळंतपणांवर किती खर्च झाला, याचा हिशेब कोणी मांडला, तर त्याचा मोठा भाग शेतीकर्जाच्या खात्यांत सापडेल.

त्या रात्रीचे पुष्कळ वर्षांनी एका शास्त्रीय निबंधात नाव सापडले. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन बायकांनी 1994 साली लिहिलेला तो निबंध या विषयात आजही आधाराला घेतात. बाळंतपणात बाई मरते ती तीन उशिरांनी, असे त्या म्हणतात. दवाखान्यात जायचे ठरवायला उशीर, तिथे पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आमच्या गावात सासऱ्याची वाट पाहिली तो पहिला उशीर. चिखल, ओढा, मेलेला फोन हा दुसरा. गंगाखेडहून पुढे जावे लागले तो तिसरा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव धडधाकट बाईला दोन तासांत संपवू शकतो, हे कळल्यावर या उशिरांची किंमत समजते.

दुसऱ्या उशिराबाबत आपण खूप काही केले, हे मान्य केलेच पाहिजे. चांगले झाले ते न सांगण्याची आपल्याला खोड आहे. गावोगाव आशाताई आल्या. 2011 सालापासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सीझर, औषधे, रक्त, बाळंतिणीचे जेवण, नेणे-आणणे, सगळे मोफत झाले. 2014 साली 108 नंबरच्या 937 अँब्युलन्स राज्यात सुरू झाल्या. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे 65 बायका दवाखान्यात बाळंत होत होत्या. 2015-16 मध्ये 90, आणि 2019-21 मध्ये जवळजवळ 95. लाख जिवंत जन्मांमागे मातांचे मृत्यू 2001-03 मध्ये राज्यात 149 होते, ते 2018-20 मध्ये 33 वर आले. बँकेत पस्तीस वर्षे आकडे पाहिलेल्या माणसाला असा उतार पाहून समाधान वाटते.

पण मला शंका उरलेल्या पाचांची येते. बँकेत शंभरातली पंच्याण्णव कर्जे वसूल झाली, की वरिष्ठ खूश असत. पण शाखाधिकाऱ्याला ठाऊक असे, की राहिलेली पाच ही इतरांसारखीच, जरा उशिराने येणारी पाच नव्हेत. ती वेगळ्या जातीची असतात, आणि त्या माणसांचा पत्ताच मुळी सापडत नसतो.

पत्ता, हाच शब्द मला हवा होता. आपली सगळी आरोग्यव्यवस्था पत्त्यावर उभी आहे. पाच हजार वस्तीला उपकेंद्र, तीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र, एक लाख वीस हजारांना ग्रामीण रुग्णालय. कागदावर रचना उत्तम आहे. प्रत्येक उपकेंद्राची गावे ठरलेली, प्रत्येक आशाची घरे ठरलेली. गरोदर बाईची नोंद तिच्या राहत्या गावी व्हायची, तपासण्या तिथे व्हायच्या, धोक्याची खूण असेल तर कार्डावर लिहायची. यात गृहीत एकच आहे, की गरोदर बाई नऊ महिने एका जागी राहते.

आपल्याकडची बाई राहते का? पहिलटकरणीला सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आणायचे, हा आपल्या घराघरातला रिवाज. आणि तो चांगला रिवाज आहे. शिकलेल्या मंडळींनी त्याला उगाच नाके मुरडू नयेत. सासरी सून कळा सुरू होईपर्यंत पाणी भरत असते. माहेरी तिला उशिरापर्यंत निजू देतात, दुखले-खुपले तर ती मोकळेपणी बोलते, आणि 'हिला दवाखान्यात न्या' हे आई जितक्या लवकर म्हणते तितक्या लवकर सासू म्हणत नाही. पण सासरच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे तीन शब्द लिहिले जातात, 'माहेरी गेली आहे.' आणि माहेरच्या रजिस्टरात ती नसतेच. लग्न झाले तेव्हा तिथून तिचे नाव कमी झालेले असते. रक्त किती कमी होते, रक्तदाब किती होता, हे सारे एका कार्डावर. ते कार्ड सासरी फडताळात राहिले, तर नव्या जागी तिची ओळख पहिल्यापासून. ज्या दोन महिन्यांत धोका सर्वांत जास्त, त्या दोन महिन्यांत ती दोन रजिस्टरांच्या मधल्या फटीत असते. मी चेक परत केला होता ती मुलगी याच फटीतली. माझ्या टेबलापुढे ती जिवंत उभी होती, पण कागदावर तिचे दोन अर्धे तुकडे होते आणि ते जुळत नव्हते.

दुसरी फट उसाची. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने, काही कर्नाटकातले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर, म्हणजे दोघांवर. बायको बसली तर अर्धा कोयता बसला. खाडा झाला की पैसे कापले जाणार. अशा वेळी सातवा महिना लागला म्हणून कोणती बाई घरी राहील? आणि राहील तर कोणाजवळ? घरात म्हातारी असते, तिलाच दिसत नसते. मग ती जाते. थळावर, म्हणजे तोडीच्या गावाबाहेर, कोपी घालून राहते. पहाटे अंधारात फडात उतरते, दिवसभर मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. इथल्या आशाच्या वहीत ती 'स्थलांतरित', तिथल्या आशाला ती कोण, हे माहीत नाही. टोळी आठवड्या-पंधरवड्याला थळ बदलते. अँब्युलन्सला फोन केला तर विचारणार, गाव कुठले, खूण काय? उसाच्या फडाला काय खूण सांगणार?

आणि तिसरी फट वयाची. या बाबतीत आमच्या जिल्ह्याचे नाव राज्यात सर्वांत वर आहे आणि ते लिहिताना मान खाली जाते. 2019-21 च्या पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी 22 च्या आसपास. याची कारणे लांबची आहेत. पाण्यावाचून गेलेली वर्षे, गावात सातवी-दहावीनंतर शाळा नाही, आईबाप उसाला गेल्यावर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची ही धास्ती. जोडीने कोयता मिळतो, हेही एक कारण आहे.

गेल्या वर्षी मी पुन्हा त्या भागात गेलो होतो. शाखेतल्या जुन्या शिपायाच्या घरी मुक्काम होता. त्याची धाकटी सून गावची आशा आहे. रात्री जेवणानंतर ती म्हणाली, "काका, तुम्ही लिहिता ना? मग हे लिवा. पोरगी सतराची, सातवा म्हैना. दवाखान्यात न्यावं तर आधार कार्ड मागतेत. वय दिसलं की पोलिसाला कळवावं लागतंय. मग नवरा आत, बाप आत. म्हणून घरचे मला दारात उभंच करीत न्हाईत. म्हणतेत, ती तर मावशीकडं गेली."

तिचे म्हणणे खरे आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा 2012 साली आला, त्यात माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या पत्नीबाबतची सवलतही काढून घेतली. कायदा योग्यच आहे. सतरा वर्षांच्या पोरीचे पोट हा काही कोडकौतुकाचा विषय नव्हे. पण जिच्यासाठी कायदा केला तीच त्याच्या भीतीने डॉक्टरपासून लांब जाते, आणि कोवळ्या वयात रक्तदाब, झटके, अडलेले बाळंतपण यांचा धोका तर अधिक. त्याच कायद्याच्या नियमांत असेही आहे, की तातडीचे उपचार देताना कुठलाही कायदेशीर कागद आधी मागता येणार नाही. हा नियम किती दवाखान्यांच्या भिंतीवर लावलेला असतो? मला तरी अजून दिसला नाही. माझे मत विचाराल, तर लग्न लावणाऱ्यांना मांडवात धरा. तेव्हा सारे गाव जेवायला आलेले असते, पत्रिका छापलेली असते. पुरावा शोधावा लागत नाही. कळा सुरू झाल्यावर दवाखान्याच्या पायरीवर कायदा आठवणे ही फार उशिराची शुद्ध.

"आणि दवाखान्यात पोचल्यावर?" मी तिला विचारले.

ती हसली. पोचणे म्हणजे काही सुटका नव्हे, हे तिने मग सांगितले. प्राथमिक केंद्रात साधे बाळंतपण होते. सीझर लागले तर सर्जन हवा, भूल देणारा डॉक्टर हवा, रक्त हवे. तिन्ही एका वेळी, एका छपराखाली, आणि रात्री दोन वाजता हवेत. म्हणून चिठ्ठी मिळते. केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून परभणीला, परभणीहून कधी नांदेडला. आमच्या बाजूने कधी अंबाजोगाईलाही. परभणी ते नांदेड म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. आता परभणीतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, त्याने हा प्रवास कमी होईल अशी आशा धरू या. पण चिठ्ठ्यांची ही साखळी पाहून मला बँकेतला 'पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित' हा शेरा आठवला. कागद हलतो, म्हणजे काम झाले असे लिहिणाऱ्याला वाटते.

शिवाय बायकांना आणखी एक भीती असते, ती कोणत्याच पाहणीत नीट येत नाही. अपमानाची. "ओरडू नको, तेव्हा बरं वाटलं होतं का?" अशी वाक्ये कळा देणाऱ्या बाईने ऐकलेली असतात. ती घरी येऊन जावेला सांगते, जाऊ बहिणीला सांगते. सुईण पाठीवरून हात फिरवायची, गरम पाणी द्यायची, देवाचे नाव घ्यायची. त्या हाताची जागा अनेक दवाखान्यांत कोणी घेतलेली नाही. सगळ्याच परिचारिका अशा नसतात, हे सांगायलाच हवे. एकटी परिचारिका रात्री तीन बाळंतपणे करते तेव्हा तिच्या तोंडी ओव्या कुठून येणार? पण बाईला त्याचे काय! तिला पुढच्या खेपेला घर आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर उपकेंद्रावर गेलो. माझ्या डोक्यात तो 2011 चा चेक होताच. आता चेक नाहीत, पैसे थेट खात्यात जातात. 2014 च्या जनधन मोहिमेनंतर बायकांची खाती झाली आहेत. मी तसे म्हणालो, तर ती म्हणाली, खाती आहेत, पण आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, आणि मोबाइल नंबर नवऱ्याचा. तो उसाला गेला, की त्याच्याबरोबर ओटीपीपण गेला. कित्येकींचे पैसे त्यामुळे अडकतात. मला तिच्याकडे पाहवेना. फार वर्षांपूर्वी मी याच प्रश्नाशी अडून बसलो होतो, आता त्या जागी यंत्र बसले आहे एवढाच फरक.

मग तिने पिशवीतून एक वही काढली. सरकारी नव्हे, शाळेची, दोनशे पानी. सरकारी रजिस्टरात एका बाईला एक ओळ असते आणि पत्त्याला एक रकाना. हिने स्वतः पट्टीने रेघा मारून तीन रकाने केले होते. सासर, माहेर, थळ. प्रत्येक रकान्यात गाव, तिथल्या आशाचा नंबर. थळाच्या रकान्यात मुकादमाचा नंबर, कारखान्याचे नाव आणि खोडाखोड. टोळी हलली की जुने गाव खोडून नवे लिहिलेले. एका ओळीत पाच गावे खोडलेली होती.

"हे करायला कोणी सांगितलं तुला?"

"कोणी न्हाई. दोन वर्षांमागं एक बाई गमावली. तिची तारीख माज्याजवळ लिवलेली होती, पर ती कुठं हाय ते न्हवतं लिवलेलं."

मी वही चाळत होतो. तेवढ्यात तिने फोन लावला. पलीकडे बराच गोंगाट होता, ट्रॅक्टरचा असावा. ती मोठ्याने बोलत होती, "मुकादम, म्या बोलायले, गावाकडून. तुमच्या टोळीतली ती, हां, तीच. तिची अकरा तारीख हाय. आज कुठल्या गावात हायेत तुम्ही? गावाचं नाव सांगा. नीट सांगा, म्या लिवायले." कानाला आणि खांद्याला फोन धरून तिने सहावे गाव लिहायला घेतले.